जखमेत तिखट

"धर त्याला! घट्ट धर!" श्रीपती ओरडला, आणि बायकोनं, मुक्ताबाईनं, पिलाला नीट धरायच्या आतच त्यानं मुठीतलं तिखट त्याच्या मांडीवरच्या जखमेत दाबलं.

भुऱ्या अजून पुरतं कुत्रंही झालेलं नव्हतं. गल्लीतल्या मोठ्या कुत्र्याच्या भाकरीत तोंड घातलं म्हणून चावा बसला होता. दात लागले होते, रक्त फार नव्हतं. पण श्रीपतीच्या वडिलांनी प्रत्येक चाव्यावर तिखटच भरलं होतं, आणि दुसरं काही विचारायची श्रीपतीला सवय नव्हती. एसटीच्या आगारात इंजिनं उघडण्यात जन्म गेलेला माणूस. गंजका बोल्ट असो की लेकीचा फुटलेला गुडघा, दोन्हींवर रॉकेल ओतून मोकळा व्हायचा. वर "सोस जरा" म्हटलं की समोरच्याचं दुखणं थांबलं, असं तो खुशाल धरून चालायचा.

भुऱ्या असा किंचाळला की शेजारीपाजारी दारात आले. हातातून निसटला तो थेट पलंगाखाली.

मुक्ताबाईनं घाबरून लातूरला लेकीला, श्रावस्तीला, फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि बाप दारातच उभा होता, हे तिला ठाऊक नव्हतं.

"तिखट? आये, पहिलं ते धुऊन काढ. कोमट पान्यात मीठ टाक आन् वरनं धार सोड, चोळू नको. आजूबाजूचे केसं काप. हळद न्हाय, चुना न्हाय, कायबी भरू नको. त्याच्या तोंडाला ओढणी गुंडाळ, न्हायतर तुलाच चावंल. सकाळी जनावराच्या दवाखान्यात ने, सुई लागंल." मग ती पुढं म्हणाली, "आन् आबांना हात लावू देऊ नको. गुडघ्यावरचं रॉकेल मला आजून आठवतंय."

श्रीपतीचे कान तापले. लेक फोन करायची तो आईला, माहेरी आली की बसायची ती आईजवळ. पोरीचा स्वभावच तसा, असं तो इतकी वर्षं म्हणत आला होता. आता त्याला मान वर करवेना.

मुक्ताबाई पिलाला चुचकारू लागली. श्रीपती मदतीला वाकला, तसा भुऱ्या भिंतीला चिकटला आणि भीतीनं तिथंच मुतला. तो झटकन मागे सरला.

"या की, मला एकटीला व्हत न्हाय," ती म्हणाली.

"म्या न्हाय. मला भितंय ते."

त्यानं साबणानं हात धुतले, गॅसवर पाणी ठेवलं, मीठ घातलं. मनगटावर थेंब घेऊन पाहिला. कढत वाटलं म्हणून थोडं गार ओतलं, पुन्हा पाहिलं. पातेलं उंबऱ्याच्या आत सरकवून तो बाहेरच्या ओट्यावर दाराकडं पाठ करून बसला.

आत पाण्याची धार वाजली. पिलू एकदा कण्हलं, मग गप झालं.

"बगा की, कसं गुमान बसलंय!" मुक्ताबाईनं हाक मारली. "या ना आत."

"व्हऊ दे तुझं," श्रीपती म्हणाला, आणि दोन्ही हात काखेत दाबून तसाच बसून राहिला.