कळपाला ओळखीचं चालणं

ठप्. सर्र.

दुपारी साडेतीनला मी घरी परत आलो. खाटेवर पडल्यापडल्या मी स्वतःला अंगणात येताना ऐकलं. उजवा पाय बर्फावर आपटतो, डावा मागून ओढला जातो. दार उघडलं. माझा जुना लोकरी कोट आत आला, आणि कोटात माझी बायको होती, बुर्गी.

"आली सगळी?" मी विचारलं.

"आली, खाल्लं, गेली. आता मला कुणीतरी वाढा."

ठप्. सर्र.

हे असं कशामुळे, ते सांगतो. आमच्या खोऱ्यात नोव्हेंबर ते एप्रिल हरणांना चारा घालतात. रोज, दुपारी दोनला, एकाच माणसानं. बावीस हिवाळे तो माणूस मी. ओंडक्याखाली पाय सापडला तेव्हापासून लंगडत, गवत आणि बीट ओढत वर जाणारा. कळप झाडांत उभा राहून आधी ऐकतो, मग उतरतो.

डिसेंबरात गवताच्या माळ्यावरून पडलो. लंगड्याच पायाचा खुबा मोडला. मी शहरात हॉस्पिटलात असताना बुर्गी माझा कोट घालून वर गेली. चाळीस हरणं झाडांत उभी. एकही पुढे आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी खालच्या कोवळ्या झाडांच्या साली सोलल्या.

मला घरी आणून टाकलं त्याच सकाळी जंगलमालकाचा व्हिएन्नाहून फोन आला. "आणखी एक झाड सोललेलं दिसलं तर बंदुका पाठवतो. अख्ख्या कळपासाठी."

मग मी खाटेवरून शिकवायला बसलो.

"डावा ओढ. ओढ म्हटलं, नाचव नाही."

"तीस वर्षं तुझ्यामागून चालतेय, कोर्बिनियन. मला शिकवतोस?"

तिनं खोलीला फेरी घातली. मी डोळे मिटून ऐकलं. अंगावर काटा आला.

"जमलं," मी म्हणालो.

त्या दुपारी कळप खाली उतरला.

ठप्. सर्र.

जानेवारीत ती स्वयंपाकघरातही लंगडायला लागली.

"घरात कशाला?"

"कुठे लंगडतेय मी?"

तिला खरंच माहीत नव्हतं.

एका म्हाताऱ्या मादीनं जवळ येऊन तिचा डावा गुडघा हुंगला, असं तिनं सूप पिता पिता सांगितलं. मला बावीस वर्षांत कुणी हुंगलं नव्हतं. डॉक्टर माझा खुबा बघायला आला, तेव्हा तिचाही पाय बघायला लावला. पायाला काहीही झालेलं नाही, म्हणाला.

"तुझा मात्र या वेळी सरळ बसलाय. लंगडणं गेलं, म्हाताऱ्या. बाटली काढ."

मी बाटली काढली. बुर्गी प्यायली नाही. खिडकीशी उभी होती, पावणेदोन वाजत होते.

त्या दिवशी ती परत आल्यावर मी नेहमीसारखं विचारलं, "आली सगळी?"

"आलो सगळी," ती म्हणाली.

ठप्. ठप्.

फेब्रुवारी संपताना मी कोट अंगावर चढवला आणि तिला न सांगता स्वतः वर निघालो. पाय लाकडी खेळण्यासारखा सरळ पडत होता. ओढायचा प्रयत्न केला. ओढला की खोटा वाटे, मलासुद्धा.

दोन वाजले. झाडांत कान दिसले. सगळे माझ्याकडे वळलेले. मी गवत पसरलं, नेहमीची शीळ घातली. कान वळले ते खालच्या कोवळ्या झाडांकडे. कळप हलला. पुढची दोन हरणं निघालीसुद्धा.

ठप्. सर्र.

माझ्यामागून बुर्गी आली. कोट नाही, डोकं उघडं. माझ्या बाजूनं पुढे गेली. निघालेली हरणं थांबली आणि मागे फिरली. ती गवतापर्यंत पोचेपर्यंत सगळा कळप तिच्याभोवती होता, आणि मग मला तिचे फक्त पांढरे केस दिसत राहिले, खाली वाकलेले.

"बुर्गी," मी हाक मारली.

चाळीस माना एकदम वर झाल्या. तिचीही. त्यांच्याबरोबर, त्याच झटक्यात. ती माझ्याकडे बघत होती, ओठांना गवताची काडी चिकटलेली, आणि हा कोण ते तिला ठरवता येत नव्हतं.

पुढची म्हातारी मादी खालच्या झाडांकडे वळली. मी आणखी एक पाऊल टाकलं असतं तर सगळी तिकडे पळाली असती, बंदुकांच्या वाटेवर. सगळी म्हणजे किती, हे मला नक्की सांगता येईना.

मी मागे सरकलो. हळूहळू, तोंड त्यांच्याकडे ठेवून, माना खाली जाईपर्यंत.