कोटाला लागलेली शाल

"अगं, रड ना मोठ्यानं! शेवटच्या रांगेतले काय तुझं रडू पोस्टानं मागवणार आहेत?"

मी खुर्चीतूनच ओरडले. रंगमंचावर माझी सूनबाई थांबली. चष्मेवाल्यांनी कपाळाला हात लावला. ते आमचे दिग्दर्शक. आठवडाभर लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढतात आणि रविवारी आम्हाला आंधळे समजून शिकवतात.

आमची नाटकमंडळी म्हणजे बिनपगारी फुल अधिकारी. खुर्च्या दातांच्या डॉक्टरांच्या, दिवे वायरमनचे, आणि रंगमंचावरचं दार माझ्या न्हाणीघराचं. प्रयोगाच्या आठवड्यात आमच्याकडे चादरीआड अंघोळी होतात. आत माणूस आहे हे कळावं म्हणून आमचे हे मोठ्यानं गातात. ते गाणं सोसणारी मीच. पण मंडळ चालवायचं तर कुणाच्या तरी घरचं दार निघणारच.

नाटकात एक म्हातारी आहे. तिचा मुलगा लांब कामाला गेलेला. तो परत येत नाही, त्याची बॅग तेवढी येते. हे नाटक जेव्हा जेव्हा झालं, तेव्हा म्हातारी मीच. ऐन तारुण्यात केसांना पावडर फासून मी म्हातारी व्हायचे. आता खरीखुरी झाले, तर गुडघे म्हणतात, बाई, पुरे.

मग भूमिका कुणाला? औषधवाल्याची बायको सगळं पाठ करून टपलेलीच होती. सूनबाईलाही हवी होती. तिकीट-खिडकीवर दिवसभर 'सुट्टे द्या' यापलीकडे न बोलणारी ही पोरगी भांडी घासताना म्हातारीचे संवाद पुटपुटायची. पण चष्मेवाल्यांना तिनं बजावून ठेवलं होतं, "आई हो म्हणाल्या तरच उभी राहीन."

आणि आई कोण, तर मी. माझ्या तोंडून 'छान' हा शब्द घरात कुणी ऐकलेला नाही. चार घास जास्त जेवले तरी भाजीला 'बरी' म्हणते.

उद्यावर प्रयोग, आज रंगीत तालीम. हो की नाही, ते मला आज सांगायचं होतं.

सूनबाई तिथूनच हळू म्हणाली, "आई, ही म्हातारी रडणार नाही. ऐकायला घरात आहे कोण तिच्या?"

"म्हणजे इतकी वर्षं मी उगाच घसा फोडला?"

"तसं नाही हो. तुमची म्हातारी रडायची. माझी जरा घुमी आहे."

"घुमी तर तूही आहेस."

"मग सोपं जाईल."

सगळे फिदीफिदी हसले. मी म्हटलं, "कर बाई तुझ्या मनासारखं. मी आपली खाली बघून शिवते."

मांडीवर म्हातारीचा कोट होता. शेवटच्या प्रवेशात तो घालून ती घराबाहेर पडते. माझ्या मापाचा तो, सूनबाईला घोट्यापर्यंत यायचा. त्याची कड दुमडून वर घेत होते.

तिनं बॅग उघडली. मुलाचा शर्ट काढला, कॉलर नाकाशी धरली. मग शर्टाची नीट घडी घालून तो परत आत ठेवला आणि बॅग लावली. इथपर्यंत ठीक. पण तिनं बॅग पुन्हा उघडली. शर्ट काढला, उघडं राहिलेलं एक बटण लावलं, आणि परत ठेवला. बाहेर थंडी असल्यासारखं.

हे मला कधी सुचलं नव्हतं.

आमचे हे पडद्याची दोरी धरून उभे होते. ती ओढायचंच विसरले.

"कोट!" चष्मेवाले भानावर येऊन ओरडले. "वहिनी, कोट द्या लवकर!"

मी उठले, कोट पुढे केला, तर माझ्या खांद्यावरची शालही निघाली त्याच्यामागे. कोटाची कड आणि शालीचं टोक, दोन्ही एकाच दोऱ्यात ओवलेलं!

"जन्मभर सांगत आली, मी न बघता शिवते म्हणून," हे खिंकाळले. "आज शिवलंन एकदाचं!"

सूनबाई जवळ आली. तिनं कड हातात घेतली. आधी बारीक, सरळ टाके; मग पुढे सगळे शालीत शिरलेले. कुठून शिरले ते बघत ती उभी राहिली. डोळे भरले तिचे. रंगमंचावर कोरडी, आणि इथे रडते!

"उसवू, आई?"

"अंक खोळंबलाय आणि उसवत काय बसतेस? कातर आण."

"वहिनी, कोट जपून," चष्मेवाले म्हणाले.

"कोटाला कोण हात लावतंय? शाल कापायची."

सूनबाईनं हात मागे घेतला. लग्नानंतर यांनी स्वतःच्या अकलेनं आणलेली ती एकच चांगली वस्तू, हे तिला ठाऊक होतं. मग मीच कापली.

"आणि त्या औषधवाल्याच्या बायकोला निरोप द्या," मी म्हटलं. "उद्या तिकीट काढून ये म्हणावं."

दुसऱ्या दिवशी मी रंगमंचामागे माझ्याच न्हाणीघराच्या दाराशी उभी होते. ते आपलं आपण मिटत नाही, मागून कुणीतरी ओढावं लागतं. समोरचं काही दिसत नव्हतं. शेवटी पावलं आली. माझ्या कोटात ती रंगमंच सोडून दारातून आत आली. कडेला बोटभर शाल लोंबत होती. सकाळी काढता आली असती, कातर पिशवीतच होती माझ्या.

पलीकडे टाळ्या सुरू झाल्या. चिंधी फटीत अडकू नये म्हणून मी आधी कोटाची कड आत घेतली. मग दार लावलं.