राजनांदगाव लांब आहे

रिसालीतल्या घराच्या गच्चीवर मुंगवड्या वाळत घालून अंजनाबाई खाली उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर पाय घसरला आणि त्या कुशीवर पडल्या. सून रीनानं त्यांना कसंबसं पलंगावर आणलं, तेव्हा उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला होता.

नवरा वारल्यावर लोकांच्या घरी स्वयंपाक करून अंजनाबाईंनी धर्मेंद्र आणि धम्मपाल या दोन्ही मुलांना वाढवलं होतं. थोरला धर्मेंद्र पोलादाच्या प्लांटमध्ये ठेकेदाराकडं कामाला, धाकटा धम्मपाल परगावी. प्लांटचा दवाखाना पक्क्या नोकरीवाल्यांचा. यांच्याकडं होतं ते सरकारी योजनेचं, मोफत उपचाराचं आयुष्मान कार्ड.

धर्मेंद्र आईला ऑटोत घालून निघाला. पहिल्या हॉस्पिटलच्या दारावर योजनेचा मोठा फलक होता. खुब्याचं हाड मोडल्याचं तिथं कळलं. कार्ड चालतं, पण हाडाचे डॉक्टर बाहेरून येतात आणि ते कार्डावर ऑपरेशन करत नाहीत, असं काउंटरवरच्या मुलीनं सांगितलं. दुसरीकडं हेच जरा गोड बोलून सांगितलं. सरकारी दवाखान्यात सर्जन सुटीवर होते. धर्मेंद्र आईला घरी घेऊन आला.

संध्याकाळी बोरसीहून अंजनाबाईंचे भाऊ भय्याजी आले. या वयात कुठं चिरफाड करता, हाड आपोआप बसेल, असं त्यांचं मत पडलं. धर्मेंद्रनं मान हलवली. तो काही दुष्ट मुलगा नव्हता. कामावरून आला की आईचे पाय चेपायचा. पण डॉक्टर शोधणं त्या दिवसापासून थांबलं.

रीनाला ते सहन झालं नाही.

"धम्मपालचा पाय मोडला तेव्हा आपण नागपूरले गेलो होतो. कार्डवाला डॉक्टर मिळेपर्यंत तुमी फोन करत होते. मंग आईसाठी कावून नाही?"

"त्याले कमवाचं होतं," धर्मेंद्र म्हणाला. "आईले आता कुठं जाचं आहे?"

पलीकडच्या खोलीत अंजनाबाईंनी ते ऐकलं. त्या दिवसापासून त्यांनी पाणी पिणं कमी केलं. सुनेला सारखं भांडं धरावं लागू नये म्हणून.

मग पोळ्या लाटता लाटता रीना स्वतःच फोन करू लागली. कार्डावर खुब्याचं ऑपरेशन करता का, एवढंच विचारायची. अखेर राजनांदगावच्या एका डॉक्टरकडून होकार आला. तिनं नवऱ्याला सांगितलं. राजनांदगाव लांब पडतं, ठेकेदार सुटी देत नाही, दिवाळी होऊ दे, असं तो म्हणाला.

दिवाळीनंतर गाडी केली, तोवर अंजनाबाईंची पाठ जखमांनी सोलवटली होती आणि छातीत कफ भरला होता. डॉक्टरांनी शांतपणे तपासलं. कार्डाची काहीच अडचण नव्हती. पण आता शरीर भूल सोसणार नाही, पडल्या पडल्या आणायला हवं होतं, असं ते म्हणाले.

थंडी पडली आणि अंजनाबाई गेल्या.

विहारात पुण्यानुमोदनाला लोक जमले. वय झालं होतं, असं भय्याजी बोलताना म्हणाले आणि बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. रीना उठून उभी राहिली.

"वय नव्हतं झालं. हाड मोडलं होतं. डॉक्टर होता, कार्डही होतं. आमीच नेलं नाही."

थोड्या वेळानं जेवणाची पानं मांडली गेली.

शेजारची मथुरा रीनाजवळ येऊन बसली. तिनं एक हात पदराखाली धरला होता. मनगट सुजून वाकडं झालेलं. नळावर पडली होती म्हणे. बसून जाईल असं घरचे म्हणत होते. तिनं हळूच त्या डॉक्टरचं नाव विचारलं. रीनानं सांगितलं आणि उद्याच जा म्हणाली.

"आमच्या यायले विचारून पाहतो," मथुरा म्हणाली.

मथुराच्या नवऱ्याचं उत्तर काय येणार, हे रीनाला ठाऊक होतं. तिनं ताट बाजूला सारलं, मथुराचा धड हात धरला आणि तिच्या घराकडं चालू लागली.