न विचारता काढलेली कडी

घोटीच्या भातगिरणीत वजनाची पावती छापणारा प्रोग्राम सविताने बनवला होता. तिचं हे पहिलंच काम, लेकरासारखं जपलेलं. पण गिरणीच्या कॉम्प्युटरमधला अँटिव्हायरस त्याला चोर समजून सारखा गिळायचा, आणि ती नाशिकहून धावत यायची.

वैतागून तिने प्रोग्राममध्येच सोय केली. सुरू होताच त्याने अँटिव्हायरसच्या ‘यांना अडवायचं नाही’ अशा यादीत आपलं नाव आपणच घालायचं. कुणाला विचारायला नको, समजवायला नको.

आज अँटिव्हायरसने तेच पकडलं आणि स्क्रीन लालभडक झाली. पावत्या थांबल्या, भाताचे ट्रॅक्टर फाटकापर्यंत खोळंबले. सविता आली तेव्हा गिरणीचे मालक रंगनाथशेठ स्क्रीनसमोरच बसले होते.

"हा अँटिव्हायरस म्हणतो, तुझा प्रोग्राम लपूनछपून यादीत घुसत होता. खरं हाय का, ताई?"

"शेठ, रोजच्या कटकटीला कंटाळले हो!"

"म्हणून माझ्या घराची कडी मला न विचारता काढलीस? आता दुसरा माणूस बघू का?"

सविताला त्या मेल्या अँटिव्हायरसचा राग होताच, पण आज तो खरं बोलला होता, याचा जास्त राग आला. तिने ती सोय काढून टाकली, प्रोग्राम पुन्हा बसवला आणि माउस शेठांपुढे सरकवला.

"परवानगी तुम्ही द्या. नसेल द्यायची, तर मी निघते."

बाहेर हॉर्नचा कालवा चालला होता. शेठांनी चष्मा चढवून स्क्रीनवरची एकेक ओळ सावकाश वाचली आणि बटण दाबलं.

"दिली. आता त्या ट्रॅक्टरवाल्यांच्या शिव्या तू खा, जा!"