मी, फाटकाची कडी, आणि धाकट्याची सही

मित्रांनो, मी एक जुनी लोखंडी कडी आहे. कपाटाची नाही, तिजोरीची तर मुळीच नाही. एका साध्या घराच्या फाटकाची. आता तुम्ही म्हणाल, कडीला कसलं आलंय आयुष्य? वर केली, खाली केली, संपलं. असं म्हणणारे मी खूप पाहिलेत. पण घरी येणारा प्रत्येक माणूस आधी मला हात लावतो आणि मग घंटा वाजवतो. त्या हातावरून मला माणसाचा अंदाज येतो. तो फारसा चुकत नाही, असं आपलं मला वाटतं.

माझा जन्म एका वेल्डिंगच्या दुकानात झाला, तोही विसरभोळेपणातून. कारागिराने फाटक मोठ्या हौसेने केलं, वर नक्षी काढली, रंग दिला, आणि कडी करायची राहूनच गेली. मालक टेम्पो घेऊन दारात आले तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. मग उरलेल्या सळईचा एक तुकडा घाईघाईने तापवला, ठोकला, वाकवला, ती मी. म्हणून मी जराशी तिरकीच आहे. मला आधी आपल्याकडे ओढावं लागतं आणि मग उचलावं लागतं. ज्याला माहीत नाही तो हिसके देत बसतो आणि मलाच शिव्या घालतो.

मालकांना घरात सगळे बाबा म्हणत. त्यांची मुलगी, म्हणजे ताई, तेव्हा आठ वर्षांची होती आणि धाकटा पाळण्यात होता. धाकटा उशिरा चालला, उशिरा बोलला. डॉक्टरांनी सांगितलं, शरीर वाढेल, बुद्धी तेवढी वाढणार नाही. आई काही दिवस रडली, मग पदर खोचून कामाला लागली. मला उघडायला तो अकराव्या वर्षी शिकला. बाबा रोज संध्याकाळी त्याच्याशेजारी उभे राहत आणि म्हणत, "आधी ओढ, मग उचल." पावणेदोन वर्षं हेच चाललं होतं. ज्या दिवशी त्याने एकट्याने मला उघडलं, त्या दिवशी बाबांनी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून थांबवून ते सांगितलं. माझं एवढं कौतुक आधी झालं नव्हतं आणि नंतरही कधी झालं नाही.

समोरच्या घरातला मुलगा ताईच्याच वर्गात होता. त्याची आई आजारी असायची, तेव्हा तो दोन-दोन दिवस आमच्याकडेच जेवायला असे. पुढे तो जमिनी मोजणारा सरकारी मोजणीदार झाला. आता निवृत्त आहे, आणि सगळी गल्ली त्याला मोजणीसाहेब म्हणते. कागद लिहावा तर त्यानेच. एकेक ओळ आखून काढल्यासारखी सरळ.

बाबा गेले, काही वर्षांनी आईही गेली. ताईने लग्न केलं नाही. दवाखान्यात औषधं देण्याची नोकरी केली आणि भावाला सांभाळलं. माझ्याकडे मात्र कोणाचं लक्ष राहिलं नाही. दर रविवारी बाबा तेलाचे दोन थेंब घालायचे, ते बंद झालं. मी गंजले, कुरकुरायला लागले. मी काही मनाला लावून घेतलं नाही. ज्या घरात एकाच बाईला सगळं बघायचं असतं, तिथे कडीने तोंड वर करून काय बोलायचं?

ताई साठीला आली आणि तिच्या हृदयाची झडप बिघडली. एकदा तिला एकोणीस दिवस दवाखान्यात राहावं लागलं. तेवढ्यापुरतं धाकट्याला लांबच्या एका वसतिगृहात ठेवलं. तिथे एका हॉलमध्ये चाळीस खाटा होत्या. तो परत आला तेव्हा अर्धा झाला होता. आठवडाभर कोणाशी बोलला नाही, नुसता मला धरून उभा राहायचा. "माझ्यामागे याचं काय?" हे ताईने तेव्हा इथेच, माझ्यावर हात ठेवून, स्वतःशीच म्हटलेलं मी ऐकलं आहे.

मग तिने एका संस्थेशी बोलणी केली. एकट्यासाठी माणूस मिळत नाही, पण धाकट्यासारखे पाच जण एका घरात राहिले तर संस्था ते घर कायमचं चालवते. ताई म्हणाली, माझं घर घ्या. घर दोघा भावंडांच्या नावावर होतं, आणि धाकट्याची पालक म्हणूनही तीच सही करत होती. फक्त सरकारी परवानगी यायची होती. तोवर तात्पुरती सोय म्हणून चौघे राहायला आले. एक जण दिवसभर टॉवेलच्या घड्या घालायचा. एक बाई गाडीचा हॉर्न वाजला की कान झाकून खाली बसायची. एक जण सगळ्यांना त्यांच्या बुटांचा नंबर विचारायचा. चौथी फारशी बोलत नसे, पण हसायला लागली की तिला आवरणं कठीण. त्यांना सांभाळायला मावशी आली. दणकट बाई. पहिल्याच दिवशी तिने मला दोन झटके दिले, "हिला काय झालंय?" म्हणाली आणि तेलाची बाटली घेऊन आली. मला ती तेव्हाच आवडली.

मावशीने घराला एक शिस्त लावली. रोज सकाळी फिरायला निघताना फाटकाला, अगदी माझ्याशेजारी, एक पुठ्ठा अडकवायचा. त्यावर कागद आणि दोरीला बांधलेलं पेन. प्रत्येकाने आपलं नाव लिहायचं. "नाव लिहिलं म्हणजे मी आहे. मी इथे राहतो," असं ती रोज सांगायची. कोणी नुसती रेघ ओढे, कोणी गोल काढे, तिला सगळं चालत असे. धाकट्याचं नाव चार अक्षरांचं. आधी मावशी त्याचा हात धरून लिहून घ्यायची, मग नुसतं मनगट, मग नुसतं कोपर. वर्ष लागलं. चोपन्नाव्या वर्षी तो स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव लिहायला लागला. त्यानंतर कागद दिसला की तो नाव लिहिणारच. दुधाच्या पिशवीवर लिहिलं, विजेच्या बिलावर लिहिलं, एकदा तर मावशीच्या छत्रीवरही.

इकडे गल्लीत कुजबूज सुरू झाली होती. एका संध्याकाळी मोजणीसाहेब फाटकाशी येऊन उभे राहिले. आत आले नाहीत.

"ताई, तुझ्या भावाबद्दल कोणाची काही तक्रार नाही. तो आपलाच आहे. पण हे बाकीचे चौघे कोण, कुठले?"

"तेही कोणाचे तरी धाकटेच आहेत रे," ताई म्हणाली.

"माझ्या घरात सून आहे, तिचे दिवस भरत आलेत. उद्या काही झालं तर?"

"काय होईल?"

"ते मी आत्ता कसं सांगू?" ते म्हणाले, आणि गेले. माणूस वाईट नाही, मित्रांनो. त्यांचा हात माझ्यावर होता, तो भ्यालेला होता. पण भ्यालेल्या माणसाच्या हातात पेन आलं की तो काय लिहील याचा नेम नसतो.

त्यांनी त्या परवानगीविरुद्ध हरकतीचा अर्ज लिहिला. गल्लीत बारा घरं. सात घरांच्या सह्या झाल्या तर अर्जाची दखल घ्यावीच लागते, असा नियम होता. सहा सह्या झाल्या आणि गाडी अडली. शेजारच्या शिक्षिकाबाई काही केल्या तयार होईनात. एका दुपारी मोजणीसाहेब आमच्या फाटकासमोरच त्यांना गाठून पटवत होते. बाई "बघते, विचार करते" म्हणत सटकल्या. साहेब पुठ्ठ्यावरचा अर्ज घेऊन तसेच उभे राहिले. तेवढ्यात धाकटा मला उघडून बाहेर आला. त्याने पुठ्ठा पाहिला, कागद पाहिला, नावांची रांग पाहिली.

"माझं राहिलं," तो म्हणाला.

"काय राहिलं?"

"नाव."

त्याने साहेबांच्या हातातून पेन घेतलं. "अरे..." साहेब म्हणाले. मग त्यांची नजर कागदावरच्या सातव्या रिकाम्या ओळीवर गेली, आणि त्यांनी पुठ्ठा तसाच समोर धरून ठेवला. धाकट्याने जीभ बाहेर काढून, एकेक अक्षर जपत नाव लिहिलं. लिहून झाल्यावर पेन परत दिलं आणि म्हणाला, "झालं. मी आहे."

"हो, आहेस," साहेब म्हणाले. सही खोडायला एक रेघ पुरली असती. त्यांनी टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. मला हात असते तर मी तो पुठ्ठाच हिसकावून घेतला असता.

महिन्याभराने पाहणीसाठी सरकारी बाई आल्या. अंगणात, माझ्यापासून चार पावलांवर खुर्च्या मांडल्या. गल्लीतले लोक आपापल्या कुंपणाशी उभे, अर्ज केला म्हणून मोजणीसाहेब तेवढे आत. बाईंनी घर पाहिलं, पाचही जणांशी बोलल्या, बुटांचा नंबरसुद्धा सांगितला. बाई चांगल्या होत्या. मग त्यांनी अर्ज काढला.

"सहा घरांचं ठीक आहे. पण सातवी सही याच घराची आहे. घराच्या मालकाचीच हरकत असेल तर मी परवानगी कशी देऊ?"

ताईला काही कळेना. तिने कागद घेतला, अक्षर पाहिलं, आणि मटकन खाली बसली. बाईंनी धाकट्याला जवळ बोलावलं.

"ही सही तुमची?"

"माझी," तो खुशीत म्हणाला. "कोणी हात नाही धरला."

"यात काय लिहिलंय, माहीत आहे?"

"मी आहे. मी इथे राहतो."

मोजणीसाहेब चष्मा पुसत होते. मग बाई ताईला हळू आवाजात म्हणाल्या, "मला दोनच गोष्टी लिहिता येतात. मालकाची हरकत आहे, नाहीतर सही करणाऱ्याला काही कळत नाही, म्हणून ही सही धरू नये. दुसरं लिहायचं तर पालक म्हणून तुम्हाला तसं सांगावं लागेल. आत्ता, तुमच्या भावासमोर."

"मी त्याला आत नेते," मावशी म्हणाली.

"नाही, ते समोरच हवेत. नियम आहे."

आणखीही एक गोष्ट होऊ शकली असती. साहेब पुढे येऊन म्हणू शकले असते, की मी त्याला सांगितलंच नाही, चूक माझी आहे. ताईने त्यांच्याकडे पाहिलं. एकाच वर्गात, एकाच ताटात वाढलेली ही दोघं. साहेबांचे ओठ हलले. मग त्यांनी कुंपणाशी उभ्या असलेल्या शेजाऱ्यांकडे पाहिलं आणि चष्मा डोळ्यांवर चढवला.

ताई उठली. तिच्या डोळ्यांसमोर ते चाळीस खाटांचं वसतिगृह असणार, दुसरं काय. ती बाईंकडे बघून म्हणाली, "त्याला काही कळत नाही. त्याची सही धरू नका."

बाईंनी लिहून घेतलं. धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू जरा वेळ तसंच राहिलं.

"धरू नका?" त्याने विचारलं.

"कागदापुरतं रे, राजा. नुसतं कागदापुरतं."

तो आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिला. मोजणीसाहेब सगळ्यांच्या आधी निघून गेले. जाताना त्यांनी मला खाली लावलंसुद्धा नाही.

सहा सह्या अपुऱ्या पडल्या आणि तीन आठवड्यांत परवानगी आली. घर रीतसर उघडलं. मावशीने पाचही जणांना नवे कपडे घातले, भिंतीला रंग दिला. गल्लीतलं कोणी आलं नाही, पण कोणी भांडायलाही आलं नाही. ताईला हवं होतं ते मिळालं. मित्रांनो, मला त्या दिवशी आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

कारण पाहणीच्या दुसऱ्या दिवसापासून धाकट्याने पेन हातात घेतलं नव्हतं. पुठ्ठा समोर आला की तो हात पाठीमागे घ्यायचा. "माझी धरत नाहीत," म्हणायचा. मावशीने समजावलं, रागावून पाहिलं, तिने तर त्याच्यासाठी रंगीत पेनंही आणली. एका सकाळी ताई स्वतः पुठ्ठा घेऊन त्याच्यासमोर उभी राहिली आणि रडायला लागली. "चुकले रे मी. तुला सगळं कळतं. लिही ना."

त्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला. "असू दे ताई," तो म्हणाला. "मला नाही कळत."

त्यानंतर ताईने त्याला कधी लिही म्हटलं नाही. पुढच्या थंडीत ती पुन्हा दवाखान्यात गेली, ती परत आली नाही. धाकटा आपल्याच घरात, आपल्याच खोलीत राहिला. त्याला कोणी कुठे नेलं नाही. ताईने जे मागितलं ते एवढंच होतं, आणि ते तिने मिळवलं.

मी अजून फाटकावर आहे. मोजणीसाहेब कधीमधी रस्ता ओलांडून येतात, माझ्यावर हात ठेवतात आणि न उघडताच परत जातात. त्यांच्या सुनेच्या बाळाला धाकटा रोज कुंपणापलीकडून हात हलवतो. सकाळी पुठ्ठा माझ्याशेजारी लागतो, चार नावं होतात, पाचवी ओळ कोरी राहते. मावशी जुने कागद टाकत नाही, पेटीत ठेवते. ज्यांवर त्याचं नाव आहे ते तिने वेगळे बांधून ठेवलेत.

मित्रांनो, माझ्यावर गंज चढला तर तेलाच्या दोन थेंबांनी काम भागतं, माझं काही मोठं मागणं नाही. पण तुमच्या गल्लीत असं एखादं घर उघडलं, तर अर्ज लिहायच्या आधी एकदा त्याची कडी उघडून आत जा. तिथल्या माणसांना त्यांची नावं विचारा. त्यांतल्या कोणी ते लिहायला घेतलं, तर ते कशावर लिहितोय हे आधी त्याला वाचून दाखवा.