झाकलेल्या दोन राण्या

मी पितळी नट बोलतोय. नाटकातला नव्हे, बोल्टवर बसतो तो. सहा बाजू, मधे भोक, आकार साधारण अक्रोडाएवढा. धातूचं काळीज घट्ट असतं असं लोकांना उगाच वाटतं. मी जन्मापासून भित्रा आहे आणि गेल्या वर्षभरात तर माझी पार गाळण उडाली आहे.

माझा मालक कारखान्यात टर्नर होता. षटकोनी सळईचा तुकडा लेथवर चढवून त्याने मला घडवलं, पण आतले आटे किंचित तिरके पडले आणि मी कुठल्याच बोल्टवर बसेना. तपासनिसाने मला भंगाराच्या पेटीकडे नेलं तेव्हा मी पहिल्यांदा घाबरलो. भंगार कुठे जातं ते सळई असतानाच ऐकून होतो. मालक म्हणाला, राहू दे, माझी चूक माझ्याच खिशात बरी. त्याने मला डब्याच्या पिशवीत टाकलं आणि मी वाचलो.

जेवणाच्या सुट्टीत फोरमन आणि चार-पाच जण पोकर खेळायचे. पैशाला हात लावायचा नाही, लोखंडी वॉशर लावायचे. पंख्याच्या वाऱ्याने पत्ते उडायला लागले म्हणून मालकाने मला आपल्या दोन पत्त्यांवर ठेवलं. तीच माझी नोकरी झाली. तो मला बाजूला सारतो, हाताची ओंजळ करून पत्त्यांचे कोपरे उचलतो आणि बघतो. त्या वेळी मी शेजारीच टेबलावर पडलेला असतो, त्यामुळे त्याच्याखेरीज ते पत्ते फक्त मला दिसतात. मग तो मला पुन्हा वर ठेवतो. पत्ते एकदाच बघायचे, ही त्याची जुनी सवय.

नोकरीत खाडेही झाले. एकदा सोफ्याखाली घरंगळलो आणि चार महिने धुळीत पडून राहिलो. एकदा त्याच्या बायकोने मला आपटणाऱ्या दाराखाली अडकवलं, तेव्हा हा दोन दिवस गाल फुगवून बसला होता. ती बिचारी पुढे गेली. तिच्यानंतर तो घरात एकटा आणि खिशात मी.

लेक दहा वर्षांची असताना त्याने तिला हा खेळ शिकवला, जेवणाच्या टेबलावर, आगकाड्या लावून. या खेळात दर डावाला दोघांना पत्ते बघायच्या आधीच काहीतरी टाकावं लागतं. एकाने अर्धं, ते स्मॉल ब्लाइंड. त्याच्या शेजारच्याने पूर्ण, ते बिग ब्लाइंड. ही पाळी टेबलाभोवती फिरत राहते. अर्धं टाकणाऱ्याची गोची अशी की पहिल्या फेरीत त्याची पाळी जवळजवळ शेवटी येते, पण पुढच्या प्रत्येक फेरीत त्यालाच आधी बोलावं लागतं, समोरच्यांच्या मनात काय आहे ते न कळता. तरीही हातात गुलाम-चौक्यासारखे ना धड चांगले ना धड वाईट पत्ते आले की माणूस म्हणतो, अर्धं तर टाकलंच आहे, अजून अर्ध्याने काय बिघडतंय.

लेकही तेच म्हणायची. मालक तिच्यापुढची काडी उचलून तिच्या नाकासमोर धरायचा आणि सांगायचा, ही आता तुझी नाही, हिला विसर आणि पत्ते बघ. पोरगी रडायची. स्पर्धेत तर सुरुवातीलाच हे जपायचं, असं तो सांगे, कारण तेव्हा सगळ्यांपुढे चकत्यांचा ढीग असतो, टाकायचं थोडं असतं आणि हात सैल सुटतो. पहिल्या तासात स्मॉल ब्लाइंडवर बसलेल्या माणसाकडे बघावं, त्याचं डोकं ठिकाणावर आहे की नाही ते कळतं.

हेच वाक्य लेकीने पक्कं लक्षात ठेवलं होतं.

गेल्या वर्षी मालकाने गॅसवर दूध ठेवलं आणि तो फिरायला निघून गेला. पातेलं जळून काळं ठिक्कर पडलं, शेजाऱ्यांनी दार तोडलं. मी त्याच्या खिशात होतो, बागेतल्या बाकावर. तो कबुतरं बघत होता आणि मला काहीच ठाऊक नव्हतं. लेकीचं औषधांचं दुकान आहे, ते बंद करून ती धावत आली. घर विकायचं आणि तिच्याकडे राहायला यायचं, असं तिने सांगितलं. मालक हटून बसला. घर त्याने आणि बायकोने मिळून रंगवलेलं, खुंट्यासुद्धा त्याने स्वतः ठोकलेल्या. शेवटी लेक म्हणाली, रविवारी तुमच्या पत्त्यांच्या क्लबात स्पर्धा आहे ना? पहिला तास मी तुमच्या पाठीशी बसते. डोकं जाग्यावर असेल तर राहा इथेच, मी पुन्हा विषय काढणार नाही.

तो लगेच कबूल झाला. मी मात्र हबकलो, कारण तिला माहीत नसलेली एक गोष्ट मला माहीत होती. अलीकडे तो पत्ते दोन-दोनदा बघत होता.

रविवारी सकाळी दहाला क्लबाचा हॉल भरला. घडीची लाकडी टेबलं, त्यांवर हिरवं कापड, प्रत्येकापुढे प्लास्टिकच्या चकत्यांचे सारखे ढीग. मालक सहसा डाव सोडून देतो आणि चकत्या कुलपात ठेवल्यागत जपतो म्हणून क्लबात त्याला ‘कुलूपकाका’ म्हणतात. त्याच्या डावीकडे दातांचे डॉक्टर बसले, स्वभावाने दिलदार, जिभेने सैल. लेक मागे खुर्ची ओढून बसली. ओंजळीतले पत्ते तिला दिसत नव्हते, दिसत होते ते फक्त त्याचे निर्णय.

पहिल्यांदा स्मॉल ब्लाइंडची पाळी आली तेव्हा पत्ते होते गुलाम आणि चौका. त्याने दोनदा पाहिले आणि सोडून दिले. लेकीने सुटकेचा निःश्वास टाकला.

दुसऱ्या खेपेला बादशाह आणि छक्का, दोन वेगळ्या रंगांचे. बादशाहाला भुलून पोळलेले लोक मी चिक्कार पाहिलेत. त्याने मला बाजूला सारलं, पाहिलं, ठेवलं. पलीकडच्या दोघांनी विचार करायला वेळ घेतला, तेवढ्यात याने पुन्हा सारलं. आणि पुन्हा. सोडले शेवटी, पण डॉक्टर हसत म्हणाले, "काका, बघून बघून पत्ते बदलतात की काय?" टेबल हसलं, लेकही हसली. मालकही हसला, पण त्याची बोटं माझ्यावर गार पडली होती.

तिसऱ्या खेपेला त्याने कोपरे उचलले आणि मला दोन राण्या दिसल्या. बदामाची आणि इस्पिकची. अख्ख्या सकाळभरात याहून चांगली जोडी कुणाला आली नसेल. इथे डाव सोडायचा नसतो, उलट वाढवायचा असतो. मी मनात म्हटलं, सुटलो रे बाबा.

मग एक तरुण किती वाजले ते विचारू लागला, कुणाची तरी चकती खाली पडली, ती शोधायला दोघे वाकले. पाळी याच्याकडे यायला एरवीपेक्षा उशीर झाला. दोघांनी बिग ब्लाइंडएवढं टाकलं होतं, आता याला फक्त उरलेलं अर्धं घालायचं होतं. त्याचा हात माझ्यावर आला. बोटं दाबली गेली, पण मला बाजूला सारेनात. तेव्हा मला कळलं. त्याच्या डोक्यातून राण्या गेल्या होत्या, आणि पुन्हा बघावं तर डॉक्टर काहीतरी बोलतील, मागे लेक बसलेली. मी आतून ओरडत होतो, अरे उचल, एकदा बघ, हसू दे त्यांना. पितळेला आवाज कुठला? माझी तर पाचावर धारण बसली होती.

"सोडले," तो म्हणाला आणि पत्ते पालथेच पुढे सरकवले.

मागून लेकीने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या मते त्याने तेच केलं होतं जे तिला आगकाड्यांवर शिकवलं होतं. थोड्या वेळाने टेबलाच्या मधोमध सगळ्यांसाठी मांडलेल्या उघड्या पत्त्यांत किलवरची राणी आली, त्याने डाव ठेवला असता तर तीन राण्या झाल्या असत्या. मी तिच्याकडे बघूच शकलो नाही.

चहाच्या सुट्टीत ती त्याला जिन्यापाशी घेऊन गेली. तिचे डोळे भरून आले होते. "बाबा, माझंच चुकलं," ती म्हणाली. "तुम्ही आपल्या घरीच राहा. मी उगाच घाबरले."

मी त्याच्या मुठीत होतो. घर वाचलं होतं, फक्त गप्प राहायचं होतं. मला घर जायची भीती वाटली आणि त्या घरातल्या गॅसचीही. त्याच्या तळव्याचा घाम माझ्या भोकात साचला.

"शेवटचे पत्ते कोणते टाकले, विचार मला," तो म्हणाला.

"कोणते?"

"माहीत नाही."

तिला आधी कळलं नाही. ती हसायच्या बेतात होती.

"बघितले होते गं. नीट बघितले होते. पाळी येईपर्यंत गेले कुठेतरी. परत बघायची लाज वाटली, म्हणून सोडले." मग तो खाली बघत म्हणाला, "मला फार भीती वाटते. घरी जाऊन दरवाजा लावला की वाटते."

लेक जिन्याच्या पायरीवर बसली. त्यालाही तिने शेजारी बसवलं आणि मी होतो ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. हॉलमधून पुढचा डाव सुरू झाल्याची हाक आली, पण ती दोघं उठली नाहीत. शेवटी त्यानेच हळूच विचारलं, "चांगले असतील का गं ते?"

"छे," ती म्हणाली. "चांगले असते तर लक्षात राहिले नसते का? रद्दी असणार."

त्याचा श्वास मोकळा झालेला मला तळव्यातून कळला.

आता आम्ही लेकीकडे असतो, तिच्या मागच्या खोलीत. मी खिडकीच्या कठड्यावर असतो. संध्याकाळी ती पत्ते वाटते, दोघांचेही उघडे, आणि तो खुशाल दहा वेळा बघतो. त्याला आता पुष्कळ काही आठवत नाही. क्लबातला तो डाव मात्र, कसा कोण जाणे, मधूनच वर येतो. मग तो हात आखडतो आणि विचारतो, "ते रद्दीच होते ना?" ती म्हणते, रद्दीच होते बाबा, बरं केलंत टाकलेत ते. तिलाही ते खरंच वाटतं. दोघं निश्चिंत होतात आणि पुढचा डाव मांडतात.

त्या राण्या होत्या, हे इतके दिवस माझ्याखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं. आज बोलता बोलता तुम्हालाही सांगून बसलो. हात जोडता येत नाहीत मला, पण एवढं ऐका. कधी या घरी आलात, चहाला बसलात आणि त्याने तुम्हालाच विचारलं, तर रद्दीच म्हणा. माझ्या तोंडून तर काही फुटायचं नाही. आता भीती वाटते ती तुमची.