वीतभर हिरवी तार

नव्या घराचं वायरिंग आम्ही मेहुण्याला दिलं. "भावोजी, सख्ख्या बहिणीच्या घरात मी हयगय करीन का?" असं त्याने विचारल्यावर मलाच लाज वाटली. वायरिंग तपासायला वीज मंडळाचे तपासनीस साहेब आले, तेव्हा त्याने हॉलमधला एक स्विचबोर्ड उघडून दाखवला. साहेबांनी मान डोलावली, पंख्याखाली घाम वाळवला आणि सही ठोकून गेले.

काल वॉशिंग मशीनला हात लावताच बायको किंचाळून मागे आदळली. तिचा हात कोपरापर्यंत बधिर झाला. मी मेन स्विच बंद करून एकेक बोर्ड उघडला. अर्थिंगची हिरवी तार प्रत्येकात होती, पण वीतभरच. भिंतीत ती कुठेच जात नव्हती. जमिनीपर्यंत पोहोचली होती ती फक्त साहेबांना दाखवलेल्या बोर्डातली.

मेहुणा आला आणि आयता चहा पुढे घेऊन बसला.

"अगं ताई, घाबरतेस काय! सगळे असंच करतात."

"तुझ्या घरीही असंच आहे?" हिने विचारलं.

"छे! आमच्याकडे लहान पोरं आहेत. ते काम मी दुसऱ्या माणसाला दिलं होतं."

हिने बधिर हातानेच त्याच्यापुढचा कप उचलला आणि चहा मोरीत ओतला.